तेल किती ते सांगितलंत, आता कोणतं आणि किती तापलेलं तेही सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरण, नवी दिल्ली
आणि
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: खाण्यातल्या मेदाचा प्रकार आणि तळणाच्या तेलाची अवस्था ग्राहकाला कळावी, याबाबत

महोदय, महोदया,

जून 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कार्यालयांत तेल आणि साखरेचे माहितीफलक लावायला सांगितलं. पाठोपाठ सीबीएसईने शाळांना तेलाच्या फलकांची सूचना केली. त्याआधी रोजच्या तेलात 10 टक्के कपात करा, असं आवाहन खुद्द पंतप्रधानांनी केलं होतं. मग समोसा आणि जिलेबीवर इशारा छापणार अशा बातम्या झाल्या, गदारोळ झाला, आणि विक्रेत्यांच्या पदार्थांवर असं काहीही छापायचं नाही असा सरकारी खुलासा आला. विषय तिथेच थंडावला.

फलकांना आमचा विरोध नाही. तेल कमी खा, हे आम्हीही रोज सांगतो. पण रक्तवाहिन्यांच्या दृष्टीने तेल किती खाल्लं, एवढाच प्रश्न नसतो. ते तेल कोणत्या मेदाम्लांचं (मेद ज्यांपासून बनतो त्या घटकांचं) आहे आणि तापून तापून त्याचं काय झालं आहे, हेही तितकंच मोलाचं. या दोन गोष्टी ग्राहकाला आजही कळत नाहीत. त्या कळाव्यात याची व्यवस्था करण्याचे अधिकार कायद्याने आपल्याकडे दिले आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहोत. सगळ्यांनी वाचावं म्हणून ते खुलं ठेवलं आहे.

आम्ही आहारतज्ज्ञ, अन्नतंत्रज्ञ आणि हृदयरोग विभागांत काम करणारी माणसं. अँजिओग्राफीचा रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या कुटुंबाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘आता तेल कोणतं वापरायचं?’ घरच्या तेलाचं उत्तर आमच्याकडे असतं. पण स्टेशनबाहेरचा वडा कशात तळला जातो, कँटीनची भाजी कशात होते, चहाबरोबरची खारी कोणत्या चरबीने सुटी होते, याचं उत्तर आमच्याकडे नसतं, कारण ते बहुतेक ठिकाणी लिहिलेलंच नसतं. हृदयविकार भारतीयांना पाश्चात्त्यांपेक्षा कमी वयात गाठतो. चाळिशीतल्या कमावत्या माणसाला आम्ही ‘बाहेरचं खाऊ नका’ एवढंच सांगतो, तेव्हा तो ते पाळणार नाही हे त्यालाही माहीत असतं आणि आम्हालाही.

पुढच्या मागण्या ज्यावर उभ्या आहेत ते शास्त्र आधी थोडक्यात मांडतो.

धमनीला आतून एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. रक्ताचा ओघ वाढला की हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं, भिंतीतला स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. याच नायट्रिक ऑक्साइडमुळे रक्ताची गुठळी करणाऱ्या प्लेटलेट भिंतीला चिकटत नाहीत. आहारातला मेद या अस्तरापर्यंत दोन वाटांनी पोचतो. पहिली वाट वर्षानुवर्षांची. संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्लं, त्यातही लॉरिक, मिरिस्टिक आणि पामिटिक, रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, उचलून घेण्याची यकृताची क्षमता कमी करतात. एलडीएल वाढतं, त्याचे कण अस्तराखाली शिरून अडकतात आणि ऑक्सिडाइझ होतात. त्यांना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथेच फुगून बसतात आणि थर चढत जातो. स्टिअरिक आम्लही संपृक्तच, पण ते एलडीएल फारसं वाढवत नाही, म्हणजे संपृक्त म्हटलं की सगळं एका मापाचं असंही नाही. तेलात हायड्रोजन मिसळून ते अर्धवट घट्ट करताना तयार होणारी ट्रान्स मेदाम्लं सर्वांत वाईट, कारण ती एलडीएल वाढवतात आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, खाली आणतात. हे नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 1990 मध्येच दाखवून दिलं होतं. उलट संपृक्ताच्या जागी सूर्यफूल, करडई अशा बियांच्या तेलांतलं लिनोलेइकसारखं बहुअसंपृक्त मेदाम्ल आलं, तर एलडीएल उतरतं आणि हृदयविकाराचा धोकाही कमी होतो. ‘बियांच्या तेलांनी शरीरात दाह होतो’ असे संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. माणसांवरच्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही.

दुसरी वाट काही तासांची, आणि तिच्याकडे आपल्या खात्याचं लक्ष फार कमी गेलं आहे. हातावर बीपीचा पट्टा आवळून 5 मिनिटं रक्तप्रवाह थांबवायचा, पट्टा सोडायचा आणि धमनी किती टक्के रुंदावते ते सोनोग्राफीने मोजायचं, अशी अस्तराची एक चाचणी आहे. न्यूझीलंडमधल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना भरपूर मेद असलेलं जेवण दिलं गेलं, एकदा ताज्या मेदाचं आणि एकदा उपाहारगृहात तळणासाठी वापरून झालेल्या मेदाचं. वापरलेल्या मेदाच्या जेवणानंतर धमनीचं रुंदावणं सुमारे 6 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्याही खाली आलं. ताज्या मेदाच्या जेवणानंतर तशी घसरण झाली नाही. अभ्यास लहान आहे, त्यावरून मृत्यूंचे आकडे काढता येणार नाहीत. पण मलेशियात उंदरांना वारंवार तापवलेलं पामतेल आणि सोयाबीन तेल खाऊ घातलं, तेव्हाही रक्तदाब वाढला आणि धमन्यांचं सैलावणं मंदावलं. खराब झालेल्या तेलातली ऑक्सिडाइझ झालेली द्रव्यं आतड्यातून शोषली जाऊन जेवणातल्या मेदाबरोबर रक्तात येतात आणि नायट्रिक ऑक्साइड निकामी करतात, ही कार्यकारणाची साखळी पटण्याजोगी आहे.

आता गाऱ्हाणी. सर्वांत मोठं पहिलं.

तळणाचं तेल. त्यातली ‘एकूण ध्रुवीय संयुगं’, म्हणजे तेल तापून मोडल्यावर तयार होणारी द्रव्यं (टीपीसी), 25 टक्क्यांच्या वर गेली की ते वापरायचं नाही, हा नियम आपण 1 जुलै 2018 पासून लागू केला. मर्यादा योग्य आहे, ताज्या तेलात हे प्रमाण बहुधा एक आकडी असतं. पण अंमलबजावणीची मेख पुढच्या आदेशात आहे. 1 मार्च 2019 पासून रोज 50 लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला वापरणाऱ्यांनीच नोंदी ठेवायच्या आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यायचं. रोज 50 लिटर म्हणजे मोठं हॉटेल, फरसाणाचा कारखाना किंवा साखळी उपाहारगृह. वडापावची गाडी, भजीचं दुकान, शाळेसमोरचा समोसेवाला, चायनीजची गाडी यांपैकी बहुतेक जण 50 लिटरच्या आसपासही पोचत नाहीत. 25 टक्क्यांची मर्यादा त्यांनाही लागू आहे, पण ती पाळली की नाही हे कळायचा मार्ग नाही. शिवाय मोठ्या ठिकाणचं उतरलेलं तेल स्वस्तात याच लहान कढयांकडे वळण्याची वाट उघडी राहते, कारण विकत घेणाऱ्याला हिशेब द्यावा लागत नाही.

या कढईत नेमकं काय घडतं ते बघा. बटाटेवड्याचं पीठ म्हणजे बेसन, पाणी, मीठ, हळद आणि बऱ्याचदा चिमूटभर सोडा. वडा 170 ते 180 अंश सेल्सियसच्या तेलात पडतो. त्यातलं पाणी वाफ होताना तेलाचे रेणू तोडतं आणि मोकळी मेदाम्लं तयार होतात. वरून हवेतला ऑक्सिजन येतो, आणि आपली पसरट कढई त्याला भरपूर पृष्ठभाग देते. बेसनाचा चुरा तळाशी बसून करपतो आणि ऑक्सिडेशनला हातभार लावतो. सोड्याच्या अल्कलीचा मोकळ्या मेदाम्लांशी संयोग होऊन साबण तयार होतो. तेलावर बसतच नाही असा बारीक फेस दिसतो, त्याचं एक कारण हे. तळलेल्या मिरच्यांवर कढईवरच मीठ भुरभुरलं की त्यातले धातूंचे अंश तेलात जातात. पितळेचा झारा असेल तर तांब्याचाही अंश उतरतो, आणि तांबं तेल खवट करण्यात सर्वांत तरबेज. संध्याकाळी तेल दाट आणि चिकट होतं, धूर कमी तापमानालाच यायला लागतो. दुसऱ्या दिवशी त्याच तेलात नवं ओततात. जुन्यातली पेरॉक्साइडं नव्याला लगेच कामाला लावतात आणि नवं तेल एरवीपेक्षा लवकर खराब होतं.

रंगावरून पारख होत नाही, हे आपल्या निरीक्षकांनाही माहीत आहे. हळदीच्या पिठाने तेल लवकर काळवंडतं आणि साबुदाणावड्याचं तेल बराच काळ उजळ दिसतं, दोघांची टीपीसी मात्र रंगाच्या उलटी असू शकते. मापायला हातात धरायचं मीटर मिळतं. त्यालाही पथ्यं आहेत. पदार्थ काढून, बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत साधारण 5 मिनिटं थांबायचं, तेल ढवळायचं, मीटरचं टोक कढईच्या धातूपासून दूर धरायचं, इंडक्शन शेगडी बंद करायची. तेलात वाफेचे बुडबुडे असताना टोक बुडवलं तर आकडा चुकतो. पाच-सात मिनिटांचं काम आहे. पण हे मीटर गाडीवाल्याला परवडणारं नाही, आणि अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांपैकी किती जणांकडे ते चालू स्थितीत आहे हे आपण कुठे जाहीर केलेलं आमच्या पाहण्यात नाही.

गाडीवाल्याला गुन्हेगार ठरवून हा प्रश्न सुटणार नाही, हेही इथेच नोंदवतो. त्याला हवी आहे उतरलेल्या तेलाचे पैसे देणारी माणसं. वापरलेलं तेल बायोडिझेलसाठी गोळा करण्याची योजना आपण 2018 मध्ये सुरू केली. पण संकलकाची गाडी मोठ्या हॉटेलच्या दारात थांबते. 5 लिटर उतरलेलं तेल असलेल्या माणसाकडे कोण जाणार? वॉर्डात एक ठरलेली जागा, आठवड्यातले दोन ठरलेले दिवस आणि रोख किंवा मोबाइलवर पैसे, इतकं झालं तरी बराच फरक पडेल. जोडीला एका पानाचं मराठी पत्रक द्या: आच 180 अंशांच्या वर नको, चुरा दर तासाला झाऱ्याने काढा, झारा स्टीलचा ठेवा, रात्री तेल गाळून झाकून ठेवा, मिरच्यांना मीठ ताटात लावा, फेस बसेनासा झाला की तेल संकलनाला द्या. यातलं काहीही खर्चिक नाही.

दुसरं गाऱ्हाणं, ट्रान्स गेलं आणि त्याच्या जागी काय आलं याबद्दल. तेल आणि चरबीतल्या ट्रान्स मेदाची मर्यादा आपण 1 जानेवारी 2021 ला 3 टक्क्यांवर आणि 1 जानेवारी 2022 ला 2 टक्क्यांवर आणली. ज्या पदार्थांत ही तेलं पडतात त्यांनाही ती लावली. त्याचं श्रेय मनापासून देतो. डेन्मार्कने हा आकडा 2003 मध्ये कायद्यात घातला होता; आपण उशिरा पोचलो, पण पोचलो.

मात्र खारी, नानकटाई, क्रीम रोल यांना घट्ट चरबी लागतेच. खारीला पापुद्रे सुटतात ते पिठाच्या घड्यांमध्ये न वितळता टिकणाऱ्या चरबीमुळे. पूर्वी ते काम अर्धवट हायड्रोजनेशन केलेलं वनस्पती तूप करायचं. आता त्या जागी पाम स्टिअरिन (पामतेलाचा घट्ट भाग), पूर्ण हायड्रोजनेशन केलेली तेलं किंवा इंटरएस्टरिफिकेशन केलेली, म्हणजे मेदाम्लांची अदलाबदल केलेली, मिश्रणं आली. केकवरचं ‘व्हिप्ड क्रीम’ अनेकदा दुधाचं नसून पाम कर्नेलच्या हायड्रोजनेशन केलेल्या चरबीचं असतं आणि ती जवळजवळ पूर्ण संपृक्त असते. या सगळ्यांवर ‘ट्रान्स फॅट 0’ खरंच लिहिता येतं. आणि ग्राहक ते वाचून समजतो की हे आता हृदयाला चांगलं.

पाकीट हातात घेतलं तरी गणित सहज जुळत नाही. समजा, 100 ग्रॅम खारीत 34 ग्रॅम मेद आहे आणि त्यातला 16 ग्रॅम संपृक्त. आपल्याच लेबलिंग नियमांत दिवसाला संपृक्त मेद 22 ग्रॅम धरला आहे. उत्पादक ‘एक सर्व्हिंग 20 ग्रॅम’ ठरवतो आणि दिवसाच्या मर्यादेच्या 15 टक्के असा बिनधास्त आकडा छापतो. चहाबरोबर माणूस 60 ग्रॅम खारी सहज संपवतो, म्हणजे 9.6 ग्रॅम संपृक्त, दिवसाच्या मर्यादेच्या सुमारे 44 टक्के, आणि तेही सकाळी आठच्या आत. सुट्या खारीवर तर तेवढाही आकडा नाही. पाकिटाच्या पुढच्या बाजूला खूण छापण्याचा मसुदा आपण सप्टेंबर 2022 मध्ये काढला होता. त्यातली पदार्थाला तारे देऊन दर्जा दाखवण्याची पद्धत आम्हाला मान्य नव्हती, आजही नाही. कारण तंतू, प्रथिनं, सुकामेवा यांचे गुण संपृक्त मेद आणि मीठ यांच्या गुणांतून वजा होतात आणि चरबीने भरलेल्या बिस्किटालाही थोडे ओट्स घालून तारा मिळवता येतो. जुलै 2024 मध्ये आपण साखर, मीठ आणि संपृक्त मेदाचे आकडे ठळक छापण्याचा प्रस्ताव मंजूर केला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या बाजूच्या खुणेबाबत तीन महिन्यांची मुदत घातली. दुकानातल्या पाकिटावर मात्र ती खूण अजून दिसत नाही. चिलीत 2016 पासून काळी अष्टकोनी पाटी छापतात, ‘संपृक्त मेद जास्त’. अक्षरओळख असलेल्या कोणालाही ती कळते.

तिसरं गाऱ्हाणं सुट्या आणि मिश्र तेलाचं. 1998 मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ झाली. त्यातलं सँग्विनारिन हे विष केशवाहिन्या सैल आणि गळक्या करतं. पाय सुजले, हृदयं निकामी झाली, साठहून अधिक माणसं गेली. त्यानंतर खाद्यतेल पॅकबंदच विकायचं असा आदेश निघाला. अपवाद करायचा अधिकार राज्य सरकारला आहे, कारणं लेखी नोंदवून. आज महाराष्ट्रात किराणा दुकानांत डब्यातून मापाने सुटं तेल मिळतं की नाही, हे आपण एखाद्या आठवडी बाजारात जाऊन स्वतःच बघा. सुट्या ‘शेंगदाणा तेलात’ पामोलिन (पामतेलाचा पातळ भाग) मिसळण्यामागे सरळ भावातला फरक आहे. ग्राहक फ्रिजमध्ये ठेवून पारखायचा प्रयत्न करतो, पण शुद्ध शेंगदाणा तेलही थंडीत गोठतं, त्यामुळे ती परीक्षा फसते. प्रयोगशाळेत हे सोपं आहे. शेंगदाणा तेलाचं आयोडीन मूल्य (तेल किती असंपृक्त आहे याचं माप) 85 ते 99, पामोलिनचं 60 च्या आसपास. मिसळ केली की आकडा खाली घसरतो, आणि मेदाम्लं वेगळी करून मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीत पामिटिक आम्लाचं शिखर वर येतं.

मिश्र तेलाचं तर कायदेशीरच आहे. नियमानुसार प्रत्येक घटक तेल किमान 20 टक्के हवं. म्हणजे पुढे मोठ्या अक्षरांत एका नावाजलेल्या तेलाचं नाव, आणि प्रमाण पाहायला गेलं तर ते 20 टक्के, उरलेलं 80 दुसरंच. टक्केवारी छापलेली असते, हे खरं. ती वाचायला भिंग लागतं, हेही खरं.

पामोलिन विष आहे असं आमचं म्हणणं नाही. त्यात ट्रान्स नाही, तापल्यावर ते लवकर मोडत नाही, म्हणून तळणाऱ्याला ते बरं पडतं. पण त्यात 40 टक्क्यांहून अधिक संपृक्त मेद, तेही बहुतांश पामिटिक. करडईत हे प्रमाण 10 टक्क्यांच्या आसपास, सूर्यफुलात साधारण 11, सोयाबीन आणि तिळात 15, शेंगदाण्यात 17 ते 20, राइस ब्रानमध्ये वीस-बावीसच्या पुढे. साजूक तुपात 60 च्या वर, खोबरेलात 90. करडई आणि सूर्यफूल फोडणीला उत्तम, पण तासन्‌तास तळायला नाजूक, हेही खरं. अशा वेळी ओलेइक आम्ल, म्हणजे तापल्यावर जास्त टिकणारं असंपृक्त मेदाम्ल, भरपूर असलेलं तेल हवं. जुनागढच्या भुईमूग संशोधन संस्थेच्या ‘गिरनार 4’ आणि ‘गिरनार 5’ या वाणांत ओलेइक 80 टक्क्यांच्या घरात आहे. तळणासाठी असं देशी तेल उभं करता येईल. शेतकरी ते पेरेल, पण त्याच्या तेलाला वेगळं नाव आणि मानक मिळालं तर.

चौथं गाऱ्हाणं लहान आहे, पण सरकारच्या दारातलं. 2022 च्या दिवाळीत राज्याने 100 रुपयांत ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळ आणि 1 लिटर पामतेल होतं. 2024 च्या शिध्यात सोयाबीन तेल आलं. म्हणजे ठरवलं की तेल बदलतं. मग पोषण आहार, वसतिगृहं, आश्रमशाळा, रुग्णालयांची स्वयंपाकघरं यांच्या निविदांत ‘खाद्यतेल’ एवढाच मोघम शब्द का राहावा?

पाचवं, दाव्यांबद्दल. वनस्पतिजन्य तेलावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ छापतात. कोणत्याही बियांच्या तेलात मोजण्याजोगं कोलेस्टेरॉल नसतंच, तरी तो दावा छापून तेलाचा भाव चढवता येतो. दुसऱ्या बाजूला घाण्याचं म्हणजे अमृत असा प्रचार आहे. घाण्याने मेदाम्लं बदलत नाहीत. शेंगदाण्याचे खोबरेल आणि खोबऱ्याचे शेंगदाणे होत नाहीत. वास आणि काही सूक्ष्म घटक टिकतात, पण बुरशी आलेले दाणे घाण्यात गेले तर अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विषही तेलात राहतं. या दोन्ही बाजूंवर आपल्या खात्याने स्पष्ट मराठीत बोलायला हवं होतं.

आणि फलकच लावायचे असतील तर त्यावर उपयोगी पडेल असं काही लिहा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेत 2,000 किलोकॅलरीच्या आहाराला दिवसाला 27 ग्रॅम तेल-तूप सांगितलं आहे. म्हणजे माणशी महिन्याला जेमतेम 900 मिलिलिटर. चौघांच्या घरात 15 किलोचा डबा साडेचार महिने पुरला पाहिजे. तो प्रत्यक्षात किती दिवसांत संपतो ते वाण्याच्या वहीत असतंच. दोन तेलं आलटून-पालटून वापरा, हे लिहा. तळून उरलेलं तेल गाळून फोडणीला एक-दोन दिवसांत संपवा, पुन्हा तळायला नको, हेही लिहा. भाजून कुटलेलं 10 ग्रॅम जवस चटणीतून गेलं तर सुमारे 2 ग्रॅम ओमेगा-3 मिळतं. अख्खं जवस न पचता निघून जातं, म्हणून ते कुटायला हवं. शाळेच्या भिंतीवर हे चार ओळींत मावतं.

आमच्या मागण्या:

1. जिथे जिथे तळून विकतात तिथे दर्शनी भागात तेलाचं नाव आणि कढईतलं तेल शेवटचं बदलल्याची तारीख लिहिणं सक्तीचं करा. खडूने लिहिलेलं चालेल.

2. वापरलेल्या तेलाच्या नोंदीची मर्यादा रोज 50 लिटरवरून 10 लिटरवर आणा. त्याखालच्या विक्रेत्यांसाठी महापालिका आणि नगरपालिकांबरोबर वॉर्डनिहाय संकलन सुरू करा. दंड त्यानंतर.

3. प्रत्येक अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तपासून प्रमाणित केलेलं टीपीसी मीटर असावं. किती कढया मोजल्या आणि किती 25 टक्क्यांच्या वर निघाल्या, हा आकडा जिल्हावार दर महिन्याला जाहीर व्हावा.

4. बेकरीच्या चरबीचे नमुने घाऊक व्यापाऱ्याकडे घ्या. तिथला एक नमुना अनेक बेकऱ्यांचं काम करतो. ट्रान्सबरोबर संपृक्ताचाही अहवाल द्या.

5. पाकिटाच्या पुढच्या बाजूला ‘संपृक्त मेद जास्त’ असा थेट इशारा, 100 ग्रॅमच्या मापावर, राज्याच्या भाषेत. तारे नकोत.

6. मिश्र तेलाची टक्केवारी तेलाच्या नावाइतक्याच आकाराच्या अक्षरांत, पुढच्या बाजूला.

7. महाराष्ट्रात सुट्या तेलाला आज कोणती सूट लागू आहे, असल्यास कोणत्या आदेशाने, हे संकेतस्थळावर टाका. नसल्यास कारवाईचे आकडे टाका.

8. सरकारी खरेदीतल्या तेलात संपृक्त मेद 20 टक्क्यांपेक्षा जास्त नको, अशी अट निविदेत घाला, आणि जास्त ओलेइक असलेल्या शेंगदाणा तेलाचं वेगळं मानक ठरवा.

9. वनस्पतिजन्य तेलावरचा ‘कोलेस्टेरॉल फ्री’ हा दावा बंद करा.

यातल्या 1, 3, 4 आणि 7 या मागण्यांना नवा कायदा लागत नाही, आहे त्या अधिकारांत त्या होतात. त्यांवर 90 दिवसांत काय केलं ते लेखी कळवावं. बाकीच्यांवर निदान वेळापत्रक द्यावं. आलेलं उत्तर आम्ही जसंच्या तसं प्रसिद्ध करू.

वाचकांसाठी एक: अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, 2006 च्या कलम 40 प्रमाणे कोणताही ग्राहक, विक्रेत्याला खरेदीच्या वेळी कल्पना देऊन, शुल्क भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडे तपासून घेऊ शकतो. नमुना नियमबाह्य निघाला तर शुल्क परत मिळतं. शंका असलेल्या सुट्या तेलाचा नमुना द्यायचा असेल तर तो स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या बाटलीत, उन्हापासून दूर ठेवून लगेच पोचवा. आठवडाभर खिडकीत राहिलेल्या तेलाचा अहवाल दुकानदाराबद्दल फार काही सांगत नाही.

आपले,
आहार, अन्नतंत्रज्ञान आणि हृदयरोग उपचार क्षेत्रांतले काही कर्मचारी